ओरिव्हान खोटा होता का

अंजू धकाते ज्या ऑफिसात कामाला होती तिथे गेम पाहण्याचा आणि खेळण्याचा पगार मिळायचा. पण ऐकणाऱ्याला वाटतं तशी मजा त्यात नव्हती. धरमपेठेत एका चष्म्याच्या दुकानावर ते ऑफिस होतं. एका परदेशी वेबसाइटसाठी तिथली मुलंमुली गेममधल्या पात्रांना टॅग लावत. हा सूडाने पेटलेला, ही त्यागी आई, तो दगाबाज मित्र. एकेक पात्र दोघांनी वेगवेगळं तपासायचं. उत्तरं जुळली नाहीत तर दोघांनी समोरासमोर बसून एकच उत्तर ठरवायचं, असा तिथला नियम होता.

आई गेल्यापासून अंजूला हे काम सोपं जायला लागलं होतं. पूर्वी एखादं आवडीचं पात्र मेलं की ती थोडा वेळ खुर्चीत मागे रेलून बसायची. आता शेवटचा प्रसंग पाहायची, टॅग लावायची आणि पुढचं पात्र उघडायची. तिच्या साहेबांनी, उन्मेषसरांनी, एकदा सगळ्यांसमोर तिच्या वेगाचं कौतुक केलं. तिने थँक्यू म्हटलं आणि डबा उघडला.

त्या आठवड्यात तिच्या वाट्याला ओरिव्हान आला.

ओरिव्हान हा एका बेटावरच्या गेममधला खलनायक. त्या बेटावर समुद्रावरून धुकं येतं आणि धुक्यात सापडलेली माणसं खोकून खोकून मरतात. ओरिव्हान तिथल्या दीपगृहाचा राखणदार असतो. तो लोकांना सांगतो, माझ्या तळघरात येऊन झोपा, धुकं सरलं की मी तुम्हाला उठवतो. लोक त्याच्या मागे जातात. तो कुणाकडून काही घेत नाही. म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या उतरवतो, पोरांच्या अंगावर पांघरूण घालतो. शेवटी खेळणारा तळघरात पोचतो तेव्हा कळतं, की त्या झोपलेल्यांतलं कुणीच आता उठणार नाही. आणि अगदी कोपऱ्यात एक रिकामा पलंग दिसतो, त्याच्यावर ओरिव्हानचंच नाव कोरलेलं असतं.

प्रश्न होता, त्याला 'खोटा तारणहार' हा टॅग लागतो का. वेबसाइटने दिलेली व्याख्या एका ओळीची होती. वाचवण्याचं वचन देतो, लोकांचा विश्वास मिळवतो आणि त्यांना नाशाकडे नेतो.

अंजूने टॅग लावला होता. तिच्या शेजारी बसणाऱ्या भैरवीने लावला नव्हता. शनिवारी दुपारी दोघी एका स्क्रीनसमोर बसल्या.

"अगं, तो रिकामा पलंग पाहिलास ना तू?" भैरवी म्हणाली. "तो त्याने स्वतःसाठी ठेवलाय. म्हणजे झोपलं की माणूस वाचतो असं त्याला खरंच वाटत होतं. खोटा असता तर स्वतःची जागा कशाला धरून ठेवली असती?"

"पण तो झोपला नाही."

"आधी सगळ्यांना झोपवायचं होतं ना त्याला. त्याचा नंबर शेवटचा."

"लोक तर मेले."

"मेलेच. तो खलनायक आहेच, मी कुठे नाही म्हणते? पण खोटा नाही. चुकलेला म्हण, वेडा म्हण. खोट्या माणसाला आपण खोटे आहोत हे माहीत असतं."

अंजू व्याख्येची ती ओळ पुन्हा वाचत राहिली. माहीत असण्याबद्दल त्यात काहीच नव्हतं. भैरवीचं बोलणं तिला पटलंही नाही आणि खोडताही आलं नाही. "सोमवारी ठरवू," ती म्हणाली.

घरी जाताना तिच्या डोक्यात तो पलंग होता, आणि मधुकरराव होते.

अंजूची आई, रुख्माबाई, हिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. दिवसाआड दवाखान्यात डायलिसिस चालायचं. घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पण तिला खरा जाच पाण्याचा होता. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. मे महिन्यात ती ओठांवरून ओला रुमाल फिरवायची आणि माठाकडे बघत बसायची. अंजूचा बाप जागेश्वर तेव्हा माठ उचलून मागच्या अंगणात ठेवायचा. एके काळी तो हातमागावर लुगडी विणायचा. माग बंद पडल्यावर गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात कामाला लागला होता. तिथेच कुणीतरी त्याला मधुकररावांबद्दल सांगितलं. उमरेड रोडवर राहतात, शाळेत चित्रकलेचे मास्तर होते, एका मुळीचा काढा देतात, एक पैसा घेत नाहीत.

मधुकररावांनी डायलिसिसचं मशीन सोडायला सांगितलं आणि पोटभर पाणी प्यायला सांगितलं.

अंजू तेव्हा भांडली होती. पण आईने हात वर करून तिला गप्प केलं. "मले बरं वाटून राह्यलं वं," ती म्हणाली. आणि खरोखरच तिला बरं वाटत होतं. दवाखान्याची ये-जा थांबली होती, सुया थांबल्या होत्या, पाणी मिळत होतं. तिने बऱ्याच दिवसांनी स्वयंपाक केला. ते दिवस थोडेच टिकले. मग तिचे पाय सुजले, मग चेहरा, मग तिला आडवं झोपता येईना. पावसाळा लागायच्या आत ती गेली.

तेव्हापासून जागेश्वर दर रविवारी स्कूटर काढून उमरेड रोडला जायचा. सरांकडे जातो, एवढंच सांगायचा. अंजूने कधी विचारलं नव्हतं. विचारण्यासाठी जो राग किंवा जे कुतूहल लागतं, ते तिच्यात उरलं नव्हतं.

या रविवारी मात्र ती चपला घालून दारात उभी राहिली.

"मी येते."

जागेश्वरने तिच्याकडे पाहिलं. "काहून?"

"असंच. सरांना पाहायचं आहे."

त्याने नकार दिला नाही. त्याने स्कूटर काढली.

मधुकररावांचं घर रस्त्यापासून आत, संत्र्याच्या एका बागेला लागून होतं. ओसरीच्या भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेली झाडापाल्याची चित्रं टांगलेली होती. एकेक पान, एकेक मूळ बारकाईने रंगवलेलं. मधुकरराव लाकडी तख्तपोसावर उशीला टेकून बसले होते, पाय समोरच्या स्टुलावर. समोर सतरंजीवर एक तरुण जोडपं होतं. नवऱ्याचं नाव संजीव, बायको मयुरी. मयुरीच्या डाव्या हाताला कोपराजवळ पट्टी होती. अंजूला ती पट्टी ओळखीची होती. डायलिसिसच्या सुया तिथे टोचतात.

"या जागेश्वरभाऊ, बरं झालं वेळेवर आले," मधुकरराव म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, शिकवणाऱ्याचा. "यांना जरा तुमचा अनुभव सांगा."

जागेश्वर सतरंजीवर बसला. मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून त्याने बोलायला सुरुवात केली. हे तो पहिल्यांदा सांगत नव्हता हे अंजूच्या लगेच लक्षात आलं. दर रविवारी तो कशासाठी येतो, ते तिला तेव्हा कळलं.

"माही घरवाली. दिवसाआड मशीनवर. घोटभर पाण्यासाठी रडे. मी माठ लपवून ठेवो, सांगा, कोन्या मानसानं बायकोपासून पानी लपवाव? सरांनी मशीन सोडवली, काढा देला. दोन दिसांत उठून बसली. पाटोडीचा रस्सा केला तिनं, सोता. गडवाभर पानी पेली, एका दमात. सक्करदऱ्याच्या तलावावर घेऊन गेलो, तं माह्या पुढे चालत होती. मी म्हटलं, हळू चाल वं. तं हासली."

बोलताना त्याचा चेहरा उजळला होता. घरी त्याचा असा चेहरा अंजूने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. आणि त्याने सांगितलेलं सगळं खरं होतं. पाटोडीचा रस्सा खरा होता. तलावावर आई खरंच हसली होती.

मयुरी पुढे सरकून ऐकत होती. तिचे ओठ कोरडे पडलेले होते. "आता कशा हायेत त्या?" तिने विचारलं.

"आता तिले काहीच तरास नाई," जागेश्वर म्हणाला.

मयुरी हसली. नवऱ्याकडे बघून तिने मान हलवली.

"ती मेली," अंजू म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. ऑफिसात व्याख्या वाचून दाखवावी तशी ती बोलली. "मी यांची मुलगी. मशीन सोडल्यावर काही दिवस तिला बरं वाटलं. मग अंगात पाणी भरलं आणि ती मेली."

संजीवने जागेश्वरकडे पाहिलं. "काका, तुमी हे काहून नाई सांगतलं?"

जागेश्वर सतरंजीचा दोरा ओढत होता. "मी तिथपर्यंतच सांगतो," तो म्हणाला. "त्याच्यापुढलं माह्याच्यानं सांगनं होत नाई."

"होत नाई म्हंजे? मी हिले उद्यापासून नेणार नव्हतो ना मशीनवर! समजून राह्यलं का तुमाले?"

"रागावू नका त्यांच्यावर," मधुकरराव म्हणाले. "दोष द्यायचा तर मला द्या. गेल्या रुख्माबाई, खरं आहे. पण घरी गेल्या, आपल्या माणसांत गेल्या. आणि तेव्हा काढ्याचं प्रमाण मीच कमी धरलं होतं. आता वाढवलंय. आधी स्वतः घेऊन पाहतोय, मगच दुसऱ्याला देणार."

तेव्हा अंजूने त्यांच्या पायांकडे नीट पाहिलं. पायजम्याखाली घोटे दिसतच नव्हते. पावलं फुगून चकचकीत झाली होती. ती उठली, स्टुलाजवळ उकिडवी बसली आणि त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावर तिथे खळगा तसाच राहिला. मधुकररावांनी पाय मागे घेतला नाही.

"सर, तुम्हाला आडवं झोपता येतं?"

"बसून झोपतो. उशा लावून."

"आईलाही तसंच झालं होतं."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. मग त्यांनी दम घेतला आणि सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांनाही म्हटलं होतं, की लवकरच मशीनवर जावं लागेल. तेव्हा त्यांनी ही मुळी घ्यायला सुरुवात केली. वर्षं गेली, मशीन लागलं नाही. "मी खोटं बोललो नाही गं कुणाशी," ते म्हणाले. "मी जगलो, म्हणून वाटलं दुसरेही जगतील."

अंजूला त्यांचा राग यायला हवा होता. ती त्याची वाट पाहत बसली. पण त्या खळग्याकडे पाहताना तिला एवढंच वाटलं, की हा माणूस खरं बोलतोय, आणि त्याने काही फरक पडत नाही.

ती मयुरीकडे वळली. "तुमचं मशीन कधी आहे?"

"उद्या."

"उद्या जा."

मयुरीने पट्टीवरून हात फिरवला. "पानी देत नाई हो ताई तिथं," ती म्हणाली.

"हो. देत नाहीत."

मयुरी नवऱ्याच्या खांद्याला धरून उठली. संजीव तिच्या मागोमाग पायऱ्या उतरला. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

"सर, तुम्हीपण दवाखान्यात जा," अंजू म्हणाली.

मधुकरराव भिंतीवरच्या चित्रांकडे पाहत होते. "मीच गेलो, तर इतक्या लोकांना काय सांगू?"

जागेश्वर उठला, त्यांच्या पाठीमागची उशी त्याने नीट केली आणि बाहेर जाऊन स्कूटरपाशी उभा राहिला.

सोमवारी भैरवीने खुर्ची ओढली. "हं, बोल. ओरिव्हान."

"टॅग लागतो," अंजू म्हणाली.

"मी एवढं समजावलं, तरी?"

"तू म्हणतेस ते बरोबर आहे. त्याला खरंच वाटत होतं. तो खोटं बोलत नव्हता."

"मग?"

"आपण खोटं नाणं म्हणतो. नाण्याला कुठे माहीत असतं आपण खोटे आहोत म्हणून? ते काही मुद्दाम खोटं नसतं. पण दुकानात चालत नाही, म्हणून खोटं." तिने माऊस हलवला. तळघरातली झोपलेली माणसं स्क्रीनवर आली. "त्याचा पलंग पाहून त्याच्या मनात काय होतं ते कळतं. पण टॅग त्याच्या मनाला लावायचा नाही. हे लोक त्याच्या मागे तारणहार समजून आले. तारणहार म्हणून तो खोटा निघाला."

भैरवीने व्याख्येची ओळ पुन्हा उघडली. "हे जरा निष्ठुर आहे," ती म्हणाली. "बिचाऱ्याला तोच शब्द, आणि लबाडालाही तोच."

"हो."

"त्याच्यासाठी वाईट नाही वाटत तुला?"

अंजूने विचार केला. "वाटत असेल," ती म्हणाली. "कळत नाही मला आजकाल."

भैरवीने तिच्या मनगटावर हात ठेवला. अंजूला हात ठेवल्याचं कळलं, तो गरम आहे हेही कळलं. भैरवीने दुसऱ्या हाताने माऊस घेतला आणि टॅग लावून टाकला. खाली शेऱ्याच्या जागी तिने लिहिलं, 'त्याला माहीत नव्हतं.' वेबसाइट शेरे वाचत नाही, हे दोघींना ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात मधुकररावांच्या पुतण्याचा जागेश्वरला फोन आला. सरांना दम लागला होता. श्वास घेता येईना तेव्हा त्यांनी स्वतःच पुतण्याला हाक मारली, आणि दवाखान्यात नेऊ का म्हणून विचारल्यावर होकाराची मान हलवली. तिथे त्यांना मशीनवर घेतलं होतं.

जागेश्वर दुकानातून लवकर सुटून त्यांना पाहायला गेला. संध्याकाळी घरी आला, पाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पाट घेऊन बसला. अंजू कणीक मळत होती.

"कसे आहेत?" तिने विचारलं.

"पायाची सूज उतरली. बोलले माह्यासंगं." तो थांबला. "म्हने, जागेश्वर, मोकळा श्वास येऊन राह्यला गा."

अंजूने परातीतलं पीठ गोळा केलं.

"मी म्हटलं, बरं झालं सर. खरंच म्हटलं. रडले ते. म्हने, मले माफ करा. मी काय म्हनू? त्या मशीनचा आवाज येत होता. तोच आवाज, रुख्माच्या वख्ताले यायचा तो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "ते घाबरले, म्हनून वाचले. रुख्मा घाबरली नाई वं. आपन तिले घाबरू देलं नाई."

भाजीला उकळी आली होती. अंजूने गॅस बारीक केला.

"वाचली असती का ती?" त्याने विचारलं.

"काही दिवस. कदाचित काही वर्षं. मला माहीत नाही, बाबा."

"पानी नसतं भेटलं तिले."

"नाही."

तो हे दोन्ही मनात तोलत असावा. मग तो म्हणाला, "त्या दिवशी मी इथं नव्हतो."

तो खरंच नव्हता. आईचा शेवटचा दिवस होता तेव्हा तो उमरेड रोडला काढा आणायला गेला होता. परत आला तेव्हा शेजारचे लोक दारात उभे होते. त्यानंतर घरात त्या दिवसाबद्दल कुणी बोललं नव्हतं. त्याने विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

"सांग मले," जागेश्वर म्हणाला. "मी लोकायले अर्धंच सांगत राह्यलो. मले तेवढंच येते. उरलेलं तुले माईत हाय."

अंजूने हात धुतले, पुसले आणि त्याच्यासमोर फरशीवर बसली. कुठून सुरुवात करावी ते तिने ठरवलं नाही. सकाळी आईने चहा अर्धाच घेतला, तिथून ती सांगायला लागली. मग खिडकी उघडायला सांगितली. मग पंखा जवळ ओढायला सांगितला. मग ती अंजूला रुख्मा म्हणून हाक मारायला लागली, जणू स्वतःलाच बोलावते आहे. अंजूचा आवाज सपाट होता. कुठे अडला नाही, कुठे भरून आला नाही. जागेश्वर भिंतीला टेकून ऐकत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तो पुसत नव्हता.

एकदाच त्याने तिला थांबवलं. "माहं नाव घेतलं का?"

खरं सांगायचं की नाही, हा प्रश्न तिच्या मनात आलाच नाही. "नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही आले का म्हणून दोनदा दाराकडे पाहिलं."

त्याने मान हलवली. "पुढे सांग," तो म्हणाला, आणि ती सांगत राहिली.